झाकली तार सव्वा लाखाची

मैत्रिणींनो, परवा भर पावसात आमच्या गल्लीतली वीज गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. दूध नासलं, इडलीचं पीठ आंबून गेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे तारा जमिनीखाली आहेत ना? मग असं कसं?"

कारण ऐकून मीच खजील झाले. उन्हाळ्यात नळासाठी खणताना केबलला पहार लागलेली मी गॅलरीतून पाहिली होती. वर माती लोटून माणसं गेली. मीही गप्प बसले. पावसाचं पाणी आत शिरलं नि व्हायचं ते झालं.

खांबावरची तार तुटली तर खालून दिसते. केबलचा बिघाड दिसत नाही. तपासणीची गाडी आणून जागा शोधायची, खणायचं, पाणी उपसायचं, मग सांधा करायचा. खर्चाचंही तसंच. उघड्या तारेला हवाच थंड ठेवते. केबलला मात्र जाड आवरण, वर पोलादी चिलखत, खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा फरश्या आणि शेवटी रस्त्याची दुरुस्ती! म्हणून ती कित्येक पट महाग पडते, आणि हा पैसा शेवटी वीजबिलातून नाहीतर करातून आपणच देतो.

मग खांबच बरे का? तसंही नाही हो. माझं माहेर रायगडातलं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळींबरोबर खांबही आडवे झाले. आईने कित्येक रात्री कंदिलावर काढल्या. मुंबई शहरात बेस्टच्या तारा जमिनीखालीच आहेत. तिथे वाऱ्याने तार तुटून अंगावर पडायची भीती नाही.

मला वाटतं, दाट वस्तीत आणि किनाऱ्यावरच्या गावांत हा खर्च करावा. विरळ वाड्यांना खांबांवरच, पण आवरण असलेल्या पिळाच्या तारा पुरेत.

आणि आपण एवढं करूया. रस्ता किंवा मांडवाचे खड्डे खणण्याआधी खाली केबल आहे का, ते वीज कार्यालयात विचारायला लावायचं. पहार लागली तर माती पडण्याआधी कळवायचं. रस्त्याकडेच्या वीजपेटीचं दार उघडं दिसलं तर हात न लावता तक्रार करायची, मुलांना लांब ठेवायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण आत काय झाकलंय त्याची आठवण कुणीतरी ठेवायला हवी ना?