मनाचे दुखणे, व्यापाऱ्याची पत आणि दूरचा सल्लागार

व्यापाऱ्याचे भांडवल गल्ल्यात जितके असते, तितकेच लोकांच्या तोंडी असते. अमक्या पेढीचे मालक हल्ली रात्र रात्र झोपत नाहीत, गादीवर बसून शून्यात पाहतात, गिऱ्हाइकाशी तुटक बोलतात, एवढी कुजबुज बाजारात फिरली तरी माल देणाऱ्यांना आपली येणी आठवू लागतात आणि सोयरीक घेऊन येणारे दोन पावले मागे सरतात. म्हणूनच मधुमेहाची व रक्तदाबाची चर्चा आपण भर दुकानात करतो. परंतु मनाच्या दुखण्याविषयी सख्ख्या भावापाशीही ब्र काढीत नाही. या लपवालपवीला कोणी अडाणीपणा म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. तो व्यवहारी माणसाने केलेला हिशेब आहे. फक्त त्यात व्याज धरलेले नाही. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक विकारांनी पीडित असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्यांत आपल्या बाजारपेठेतील माणसे नसतील, असे मानण्यास काहीच आधार नाही.

व्यापारी कुटुंबाची अडचण काहीशी निराळी आहे. नोकरदाराचा साहेब आणि बाप या दोन भिन्न व्यक्ती असतात. आपल्याकडे बहुधा ती एकच व्यक्ती असते. दुपारी भावावरून झालेला वाद सूर्यास्तापूर्वी जेवणाच्या ताटावर येतो. सत्तरीच्या वडिलांनी किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या तरी रोज दहा वाजता ते दुकानात येऊन बसतातच, कारण दुकानाखेरीज दिवस कसा घालवावा हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. मुलाला वाटते, आपल्यावर विश्वास नाही. वडिलांना वाटते, आपली गरज संपली. इंदूरहून किंवा हैदराबादेहून बेळगावात आलेली सून घरात मराठी, बाजारात कानडी आणि माहेरी तिसरीच बोली बोलते, आणि मनातले बोलण्यास यांपैकी एकही तिला उपयोगी पडत नाही. पूर्वी अशा वेळी थोरले काका मध्यस्थी करीत. आता बहुतेक ठिकाणी काकाच भागीदार असतात, म्हणजे वादातील एक पक्ष असतात. पक्षकाराने लवादाचे काम करू नये, हे आपण व्यापारात मानतो. घरात मात्र तसे मानीत नाही.

अशा प्रसंगी नात्यागोत्याबाहेरचा, प्रशिक्षित आणि तोंड बंद ठेवणारा माणूस हवा असतो. समुपदेशन हा शब्द थोडा कोरडा वाटतो. सल्लामसलत म्हटले असते तर आपल्या लोकांना तो लवकर पटला असता. ते असो. असा माणूस गावात असला तरी त्याच्या जिन्यावर पाय ठेवताना कोणी पाहील ही धास्ती असे, आणि येरवडा व धारवाड ही दोन नावे तर आपण थट्टेतच घालविली. या दृष्टीने दूरध्वनीवरून अथवा पडद्यावरून मिळणारी सल्लामसलत ही आपल्यासारख्यांच्या फार सोयीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उदासी आणि चिंता या नेहमीच्या तक्रारींत असे उपचार समोरासमोरच्या उपचारांच्या जवळपास तितकेच गुण देतात, असा बऱ्याच अभ्यासांचा निष्कर्ष आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस व विनामूल्य मिळते, आणि बोलणाऱ्यास आपली भाषा निवडता येते. सीमाभागात राहणाऱ्या आम्हांस या शेवटच्या सोयीचे मोल विशेष वाटते. दुःख परक्या भाषेत सांगू लागले की ते अर्जासारखे होते.

आमच्या काही ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे असे की, स्वाध्याय व सामायिक असताना या नव्या खटाटोपाची आवश्यकता काय? त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ज्याला तीन आठवडे झोप नाही, त्याचे मन अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसावे तरी कसे? औषधोपचाराने ते स्थिर झाले, तर तो पुन्हा आसनावर येऊन बसेल.

परंतु सोय दिसली म्हणून डोळे मिटून रक्कम भरावी, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. नव्या आडत्याशी व्यवहार करताना आपण त्याची चौकशी करतो; येथेही करावी. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरची नोंद वैद्यकीय परिषदेकडे आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नसावा. नुसती ‘समुपदेशक’ ही पाटी पुरेशी नव्हे. गुप्ततेविषयी तर दुप्पट सावध असावे. फिनलंडमधील वास्तामो या मानसोपचार कंपनीच्या रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या आणि २०२० मध्ये हजारो रुग्णांना त्यांच्याच गुपितांच्या धमक्या देऊन पैसे मागण्यात आले. पुढील वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन सेवेने ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकादी कंपन्यांना पुरविली, असा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. तथापि हक्क कायद्यात असतो आणि चिठ्ठी बाजारात फिरते, हा आपला जुना अनुभव आहे. खतावणी परक्याच्या हाती देण्यापूर्वी आपण जेवढे विचारतो, तेवढे तरी येथे विचारावे: नोंदी कोठे राहतात, कोणास दिसतात, सेवा सोडल्यावर त्यांचे काय होते?

आणखी एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. माणूस जीव देण्याची भाषा बोलू लागला, भ्रमात बोलू लागला, किंवा घरात त्याला मारहाण होत असली, तर केवळ पडद्यावर विसंबून राहू नये; त्याला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. पोलिसांच्या भीतीने विलंब करण्याचे आता कारण नाही. उपरोक्त कायद्याने अशा प्रयत्नामागे तीव्र मानसिक ताण गृहीत धरला आहे, आणि शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत उरलेले नाही.

आता मूळ अडचण. दूरचा सल्लागार मिळाला तरी त्याच्याशी बोलायचे कोठे? खाली दुकान व वर घर, एका माजघरात आठ माणसे, दारांना कड्या आहेत पण त्या दिवसा लावण्याचा रिवाज नाही. सून गच्चीवर वाळवण राखण्याच्या निमित्ताने बोलते, आणि शेजारची गच्ची हातभर अंतरावर असते. मुलगा गोदामात मोटार उभी करून आत बसून बोलतो, आणि हमाल काचेवर टकटक करतात. सभासदांनी व विशेषतः सासूबाईंनी आठवड्यातून एक तास एक दार बंद राहू दिले, आणि आत कोण काय बोलले हे विचारले नाही, तर या सेवेचे निम्मे काम होईल.

ज्या घरांत तेवढीही जागा नाही, त्यांच्यासाठी संघटनेने आपल्या इमारतीतील एक खोली द्यावी, अशी आमची कार्यकारिणीस सूचना आहे. खोली कार्यालयाशेजारी नको, वाचनालयाशेजारी असावी. म्हणजे आत गेलेला माणूस पुस्तकासाठी गेला की बोलण्यासाठी, हे जिन्यावरच्या माणसास कळणार नाही. तेथे नोंदवही ठेवू नये, आणि मासिक सभेत किती जण आले याचा अहवालही मागू नये. खर्च म्हणाल तर एक जाड दार, आतून लागणारी कडी, पंखा, खुर्ची आणि इंटरनेटची जोडणी, एवढाच आहे.