सुधारून वाढवलेली आवृत्ती

पुस्तकावर 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' असे शब्द दिसले की माझ्यासारखा माणूस थोडा सावध होतो. जुनी प्रत घरात असताना नवी कशाला घ्यावी? सुधारले ते काय, आणि वाढवली ती फक्त किंमतच तर नव्हे? हाच प्रश्न मला एकदा पोरांच्या खेळाच्या बाबतीत पडला. त्याचे उत्तर माझ्या दहा वर्षांच्या पुतणीने दिले आणि मान खाली घालायची पाळी माझ्यावर आली.

गोष्ट २००२ च्या मे महिन्यातली. देवगडात मे महिना म्हणजे आंब्याची धांदल. बागेत माणसे, ओटीवर पेट्या, माजघरात गवताच्या आढीत पिकणारा हापूस आणि घरभर त्याचा वास. त्यात मुंबईची पोरे सुटीला आलेली. माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला. आदल्या वर्षी त्याने लेकीसाठी परदेशातून 'गेम बॉय' नावाचे तळहाताएवढे यंत्र आणि 'पोकेमॉन गोल्ड' हा खेळ आणला होता. यंदा आणला 'पोकेमॉन क्रिस्टल'. त्या यंत्राच्या पडद्यामागे दिवा नसे. म्हणून उजेडासाठी ती ओटीच्या पायरीवर बसे आणि दोन पेन्सिल सेल संपले की बाजारात पळे.

मी सहज डोकावलो. तेच गाव, तीच वाट, तेच प्राणी! माझी आई भावाला म्हणाली, "अरे, तोच खेळ परत इकत हाडलंस?" भाऊ नुसता हसला. मी मात्र सुनावले, "एकाच पेटीचे दोनदा पैसे मोजण्यातला प्रकार आहे हा."

तक्रार अगदीच खोटी नव्हती. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने पोकेमॉनचा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी 'रेड' आणि 'ग्रीन' अशा दोन रूपांत बाजारात आणला. रानात फिरायचे, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि झुंजवायचे. १९९८ साली त्याचीच 'यलो' आवृत्ती निघाली. १९९९ साली 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' हे नवे खेळ आले आणि डिसेंबर २००० मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती म्हणून 'क्रिस्टल'. दोन भावंडे विकून झाली की तिसऱ्याला थोडे नटवून उभे करायचे, असा हा व्यापार. 'क्रिस्टल'मध्ये समोर आलेला प्राणी हालचाल करतो, कथेत थोडी भर आहे. बाकी संसार बहुतेक जुनाच.

खेळाचा उगम मात्र नुसता व्यापारी नव्हता. त्याचे कर्ते सातोशी ताजिरी टोकियोच्या उपनगरात वाढले. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा नाद होता. पुढे शेते आणि तळी जाऊन तिथे इमारती उठल्या आणि किडे दिसेनासे झाले. तो आनंद शहरातल्या मुलांना परत मिळावा, असे त्यांना वाटे. दोन गेम बॉय तारेने जोडता येत. त्या तारेवरून एखादा किडा इकडून तिकडे चालत जातो आहे, अशी कल्पना त्यांना सुचली. म्हणूनच एका खेळात सगळे प्राणी मिळत नाहीत, दुसऱ्याशी अदलाबदल करावीच लागते. मेरीप नावाची मेंढी 'गोल्ड'मध्ये सापडते, पण सुधारलेल्या 'क्रिस्टल'च्या रानात तिचा पत्ताच नाही! आगपेटीत सोनपाखरू घालून वर्गात मिरवणाऱ्या आणि त्याच्या बदल्यात गोट्या मिळवणाऱ्या आमच्या पिढीला या अदलाबदलीची गंमत वेगळी सांगायला नको.

एवढे ज्ञान मला नंतर झाले. त्या दिवशी पुतणीने मला शेजारी बसवले आणि नवा डाव सुरू करून दाखवला. "काका, हे बघ." आरंभीच यंत्र विचारत होते, तू मुलगा की मुलगी?

"मागच्या खेळात हे विचारतच नव्हते," ती म्हणाली. "नाव माझे दिले तरी चालायचा तो टोपीवाला मुलगाच. आता मी मुलगी आहे."

"एवढ्यासाठी नवा खेळ?"

"एवढ्यासाठीच."

मी गप्प झालो, कारण दोनच दिवसांपूर्वीचे आठवले. तिच्याच वयाचा माझा मुलगा झेला घेऊन बागेत निघाला, तेव्हा तिने विचारले होते, "मीपण काढू आंबे?" मी म्हटले होते, "तू आजीबरोबर पेट्या भर." त्यात माझा वाईट हेतू नव्हता. घरात तसेच चालत आले होते. मुलगे बागेत, मुली आढीपाशी. पोरीचे कौतुक सगळे करत, पण तिने काय करायचे ते तिला न विचारताच ठरलेले असे. नाव तिचे, पण पुढे चालणार तो! जुन्या खेळात आणि आमच्या घरात फरक तो काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या हाती झेला दिला. पहिले काही आंबे देठ तुटून आले, चीक सालीवर ओघळला. मग एक देठासकट अलगद जाळीत उतरला. "जमता हो तिका," आई म्हणाली. मुलाची थोडी कुरकुर झाली. त्याला आढी लावायला बसवले, तेव्हा तेही काम हलके नाही हे त्याला समजले.

पुढच्या मुख्य पोकेमॉन खेळांत मुलगी होऊन खेळण्याची सोय कायम राहिली. एकदा उघडलेले दार सहसा बंद होत नाही, पण ते कोणीतरी उघडावे लागते.

'क्रिस्टल'च्या डबीत एक लहान बॅटरी असते. साठवलेला डाव तिच्यावरच टिकतो, ती संपली की सारे पुसले जाते. पुतणी आता तिशीपलीकडे गेली. गेल्या मे महिन्यात तिने ती जुनी डबी यंत्रात घातली, तर तिने जमवलेला एकही प्राणी उरला नव्हता. नव्याने डाव मांडताच तोच पहिला प्रश्न मात्र पडद्यावर आला.

घरातल्या रीतींच्याही आवृत्त्या निघत असतात. नवी आवृत्ती खरोखर सुधारली की नुसती नटली, हे ओळखण्याची माझी कसोटी आता एकच आहे. मागच्या वेळी ज्याला कोणी विचारले नव्हते, त्याला या वेळी विचारले आहे काय?