एनआरआय आणि गाववाले

नेरुळला सिडकोनं परदेशस्थ भारतीयांसाठी बांधलेली वसाहत आहे. कागदावर ‘सीवूड्स इस्टेट्स’. रिक्षावाल्याला नुसतं ‘एनआरआय’ म्हटलं तरी पुरतं.

परदेशस्थ भारतीयाला इथं फ्लॅट घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. शेतजमीन आणि फार्महाउस विकत घ्यायला मात्र फेमा कायदा त्याला मनाई करतो. पण नवी मुंबई उभी राहिली कशावर? ९५ गावांच्या भातशेतीवर, मिठागरांवर. सरकारनं शेती घेतली, तिचे भूखंड पाडले, आणि मनाईचा प्रश्नच मिटला.

ज्यांची शेती गेली, त्यांच्यातल्या पाच जणांनी १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी जीव गमावला. त्यानंतर कुठे साडेबारा टक्क्यांची योजना आली. कुटुंबं वाढली तशी गावठाणाबाहेर बांधलेली घरं मात्र वर्षानुवर्षं ‘अनधिकृत’च म्हणवली गेली.

दुबईत राहणाऱ्यानं नेरुळला घर जरूर घ्यावं. पण वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या कुलपाला जो पक्का कागद सहज मिळतो, तो बारा महिने पेटणाऱ्या चुलीला भांडून का मागावा लागतो? सरकारी भाषेत या घरांना ‘गरजेपोटी बांधलेली’ म्हणतात. घर आणखी कशापोटी बांधतात?