मोठ्या बोगद्याशेजारचा छोटा बोगदा

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत एक प्रश्न हमखास असतो : जगातील सर्वांत लांब रस्ता-बोगदा कोणता? नॉर्वेतील लेर्डाल, लांबी २४.५ किलोमीटर, असे उत्तर दिले की गुण मिळतात. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. बोगद्याच्या मध्यावर एखादी मालमोटार पेटली, तर आतील माणसांनी बाहेर यायचे कोठून, हे विचारल्याशिवाय तो बोगदा चांगला की वाईट ते ठरत नाही.

आधी धुराचे पदार्थविज्ञान पाहू. नेहमीच्या हवेचे तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन धरा. आगीजवळ ते ६०० केल्विन झाले आणि दाब तोच राहिला, तर हवेची घनता निम्मी होते. अशी हलकी, धुराने भरलेली हवा उघड्या रस्त्यावर आकाशात निघून जाते. बोगद्यात मात्र छत आडवे येते. मग धूर छताखालून दोन्ही दिशांना पसरतो आणि जमिनीलगतची थंड हवा उलट आगीकडे ओढली जाते. म्हणून पहिली काही मिनिटे खाली श्वास घेता येतो. पुढे धूर दगडाला उष्णता देऊन थंड होतो, जड होतो व खाली उतरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. बोगद्यातील आगीत माणसे बहुधा जळून नव्हे, तर गुदमरून मरतात ती यामुळे.

आता आल्प्स पर्वतातील दोन बोगदे शेजारी ठेवून पाहू. फ्रान्स व इटली यांना जोडणारा माँ ब्लाँ बोगदा १९६५ साली सुरू झाला, लांबी ११.६ किलोमीटर. स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड १९८० चा, लांबी १६.९ किलोमीटर. दोन्हींत एकाच नळीतून वाहने समोरासमोर जातात.

२४ मार्च १९९९ रोजी पीठ आणि मार्गारीन (हे कृत्रिम लोणी, म्हणजे बहुतांशी चरबी!) घेऊन जाणारी एक मालमोटार माँ ब्लाँच्या मध्याजवळ पेटली. इटलीच्या बाजूने ताजी हवा आत सोडली जात होती. त्या हवेने आगीला ऑक्सिजन पुरवला आणि धूर फ्रान्सच्या बाजूला अडकलेल्या वाहनांवर लोटला. ३९ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आपापल्या वाहनांतच सापडली. बोगद्यात निवारा-खोल्या होत्या, पण खोलीत शिरल्यावर पुढे जायला वाट नव्हती आणि आग तर ५० तासांहून अधिक काळ धुमसत राहिली. आत अडकलेल्या अग्निशामकांना अखेर रस्त्याखालून जाणाऱ्या हवेच्या नळीतून बाहेर काढावे लागले. वाट पायाखालीच होती, पण तिला दार नव्हते! २००२ साली बोगदा पुन्हा उघडला तेव्हा निवारे त्याच नळीला जोडलेले होते.

गॉटहार्डमध्ये मुख्य बोगद्याला समांतर असा एक छोटा बोगदा पहिल्यापासून आहे. दर २५० मीटरवर निवारा आणि निवाऱ्यातून या छोट्या बोगद्यात जाण्याचे दार. छोट्या बोगद्यातील हवेचा दाब किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी धूर आत येत नाही. २४ ऑक्टोबर २००१ रोजी येथेही दोन मालमोटारी एकमेकींवर आदळून मोठी आग लागली. ११ जण दगावले. मात्र बरेच लोक त्या छोट्या बोगद्यातून चालत सुखरूप निसटले.

वेगाचे साधे गणित करा. माणूस सेकंदाला १.२५ मीटर चालतो असे धरू. गॉटहार्डमध्ये जवळचे दार जास्तीत जास्त १२५ मीटरवर, म्हणजे १०० सेकंदांवर. माँ ब्लाँच्या मध्यावरून तोंड ५,८०० मीटरवर, म्हणजे सुमारे ७७ मिनिटांवर. तेवढा वेळ धूर देत नाही. दोन आगी सारख्या नव्हत्या हे खरे. तरीही या दोन आकड्यांमधील फरक मला फार बोलका वाटतो.

छोटा बोगदा म्हणजे जादा खर्च, असा आक्षेप नेहमी येतो. परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. मुख्य बोगद्याचा व्यास १० मीटर व छोट्याचा ३ मीटर असेल, तर जादा खणावा लागणारा दगड केवळ ९ टक्के. खर्च याच प्रमाणात राहत नाही, कारण यंत्रे, मजूर व आधार छोट्यालाही लागतातच. पण त्याचा आणखी एक उपयोग आहे. छोटा बोगदा आधी खणला, तर पुढे दगड कसा आहे, पाणी कोठे आहे, हे मोठ्याला आगाऊ कळते. म्हणून तो शेवटी नव्हे, सुरुवातीलाच खणावा, असे माझे मत आहे.

आपल्याकडे हे ज्ञान नाही असे मुळीच नाही. जम्मूकडील चेनानी-नाशरी बोगद्याला (२०१७) समांतर सुटकेचा बोगदा आहे. रोहतांगखालच्या अटल बोगद्यात (२०२०) ती वाट रस्त्याच्याच खाली बांधली आहे. उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्याला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा सरकारी निवेदनातच 'सुटकेच्या मार्गासह' असा उल्लेख होता. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीत, काम चालू असताना तेथे दरड कोसळली. ४१ कामगार आत अडकले आणि त्यांना वापरता येईल असा मार्ग नव्हता. सुमारे ६० मीटर ढिगाऱ्यातून घातलेल्या अरुंद नळीने हवा व अन्न पोचवावे लागले. छिद्र पाडणारे यंत्र मोडले, तेव्हा अखेरचे काही मीटर माणसांनी हातांनी खणले. २८ नोव्हेंबरला, सतराव्या दिवशी, सर्वजण जिवंत बाहेर आले. त्यांच्या सुटकेचा आनंद आपण सर्वांनीच केला. पण कागदावरची वाट डोंगरात का नव्हती, ही चर्चा मात्र लवकर थांबली.

समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ आता जवळजवळ ८ किलोमीटरचा जोडबोगदा आहे. जोडबोगद्यात एक नळी दुसरीची सुटकेची वाट ठरते, मात्र दोहोंना जोडणाऱ्या आडव्या वाटा पुरेशा जवळजवळ हव्यात. शिक्षकांनी सहलीला जाताना मुलांना त्या दारांच्या पाट्या मोजायला सांगावे. दोन दारांतील अंतराच्या निम्म्याला १.२५ ने भागले, की सेकंद मिळतात.