निकाल लागतो, गुणपत्रिका मिळत नाही

शाळेत निकालाचा दिवस वर्षातून एकदा येतो आणि तो कधी येणार हे सर्वांस ठाऊक असते. संकेतस्थळ चालविणाऱ्याच्या आयुष्यात मात्र तो केव्हाही उगवतो. आपल्या समाजातील कित्येक घरांतील मुले-मुली, सुना-जावई आज स्वतःचे संकेतस्थळ चालवितात. कोणी पाककृती लिहिते, कोणी साड्या विकते, कोणी प्रवासाची माहिती देते. ‘गूगलचा अपडेट आला’ असे ते म्हणतात, तेव्हा वडीलधाऱ्यांस अर्थबोध होत नाही. केवळ त्यांचा उतरलेला चेहरा दिसतो. हे प्रकरण आहे तरी काय, ते आज समजून घेऊ.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन तरुणांनी १९९८ साली गूगलची स्थापना केली. ज्या पानाकडे इतर अनेक पाने बोट दाखवितात ते पान अधिक मोलाचे, ही त्यांची मूळ कल्पना. पुढे तीत असंख्य कसोट्यांची भर पडली. कोणते पान वर ठेवावे आणि कोणते खाली, हे ठरविणाऱ्या या नियमसमूहास अल्गोरिदम म्हणतात. हे नियम बदलले की यादीतील क्रमही बदलतो. या क्रमाचे मोल किती? युरोपीय आयोगाने २०१७ साली दिलेल्या निर्णयात नमूद केले आहे, की सर्वसाधारण निकालांवर होणाऱ्या निवडींपैकी सुमारे ९५ टक्के पहिल्या पृष्ठावरील दहा निकालांच्या वाट्यास जातात. दुसऱ्या पृष्ठावरील पहिल्या निकालास जेमतेम १ टक्का मिळतो. पहिल्या पृष्ठावरून दुसऱ्यावर जाणे म्हणजे भर बाजारपेठेतील दुकान एका रात्रीत गावाबाहेर जाणे होय.

मग हे नियम बदलावेतच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही तितकेच रास्त आहे. परीक्षेत काय विचारतात हे एकदा कळले, की विद्येऐवजी गाइडांचा सुकाळ होतो. येथेही तसेच झाले. केवळ यादीत वर येण्यासाठी निःसत्त्व मजकुराचे ढीग रचले जाऊ लागले, तेव्हा फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा बदल झाला. त्याचा परिणाम अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर झाला, असे गूगलने सांगितले. दुव्यांची खरेदी-विक्री करून खोटी प्रतिष्ठा मिळविणाऱ्यांवर एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’चा बडगा उगारण्यात आला. शोध घेणाऱ्या आपल्यासारख्यांचे यात हितच झाले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु कॉपी पकडण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात अभ्यासू विद्यार्थीही सापडतो. नोव्हेंबर २००३ मधील ‘फ्लोरिडा’ नामक बदलाने अनेक लहान व्यापाऱ्यांची पाने ऐन नाताळच्या तोंडावर दिसेनाशी झाली. वर्षाची खरी कमाई ज्या दिवसांत व्हायची, तेच दिवस कोरडे गेले. इंग्लंडातील ॲडम आणि शिवॉन रॅफ या दांपत्याने २००६ साली वस्तूंच्या किमतींची तुलना करणारे ‘फाउंडेम’ हे संकेतस्थळ सुरू केले. थोड्याच दिवसांत स्वयंचलित चाळणीने ते यादीत खोल खाली लोटले. त्यांनी युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. गूगलने किंमत-तुलनेच्या आपल्याच सेवेस झुकते माप दिले, असा निर्णय देऊन आयोगाने २०१७ साली २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. फाउंडेम मात्र २०१६ सालीच बंद पडले होते. न्याय मिळाला, पण ज्या दुकानासाठी तो मागितला, ते दुकान उरले नव्हते.

गूगलने २०१९ साली एक दृष्टांत दिला होता. २०१५ मध्ये शंभर उत्कृष्ट चित्रपटांची यादी केली आणि २०१९ मध्ये ती पुन्हा केली, तर काही जुने चित्रपट खाली जातील. म्हणून ते वाईट ठरत नाहीत. दृष्टांत सुबक आहे. तथापि यादीत खाली गेलेल्या चित्रपटाच्या घरची चूल विझत नाही. संकेतस्थळवाल्याची विझू शकते. शिवाय नियमभंगासाठी माणसाने हाताने कारवाई केली असेल, तर मालकास सूचना मिळते व फेरविचाराची विनंती करता येते. अल्गोरिदमने खाली ढकलले तर अशी सूचनाही नाही आणि तशी विनंतीही नाही.

येथे आम्हांस आपल्याच देशातील एक निर्णय आठवतो. परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये स्पष्ट केले. प्रश्नपत्रिका आधी फोडावी असे कोणीच म्हणत नाही. पण निकालानंतर आपले गुण कोठे गेले, हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्यास आहे. शोधयंत्राने आपली संपूर्ण कसोटी जाहीर करावी, असे आमचेही म्हणणे नाही. ती जाहीर झाली तर पहिला लाभ लबाडांचाच होईल. परंतु ज्याची उपजीविका त्या निकालावर अवलंबून आहे, त्यास आपले पान कोणत्या बाबतीत उणे ठरले एवढे तरी कळावे. परीक्षक मोठा झाला म्हणून त्याचे उत्तरदायित्व लहान होत नाही.

तोवर आपल्या मुलांनी काय करावे? लिखाण प्रामाणिक ठेवावे, हे तर झालेच. मात्र तेवढ्याने क्रम टिकेल, अशी हमी कोणी देऊ नये. यास्तव आलेल्या वाचकाशी थेट नाते जोडावे. त्याच्या संमतीने त्याचा पत्ता आपल्या वहीत असावा, आणि आपले नवे लेखन त्याच्यापर्यंत आपणच पोहोचवावे. यादीतून आलेला पाहुणा यादी बदलली की दुसऱ्याच्या दारी जातो. नावाने ओळखणारा वाचक मात्र वाट विचारीत येतो. परप्रांतात चार पिढ्या मराठी मासिके वाचली गेली, ती अशा वर्गणीदारांच्या बळावर. घरातील तरुणांस एवढे अवश्य विचारावे: उद्या गूगलने तुझे नाव गाळले, तर तुझ्या दाराशी आपणहून येणारी माणसे किती?