मोजणी गावाची, मागणीही गावाची

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील आदिवासी बालकांच्या मृत्यूंनी अवघा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर मुले दगावत होती. बातम्या आल्या, मंत्र्यांचे दौरे झाले, योजना जाहीर झाल्या. तथापि एक प्रश्न आम्हांला आजही अस्वस्थ करतो : ज्या मृत्यूची नोंदच होत नाही, त्याचा जाब कोणाला विचारायचा?

या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीत शोधले गेले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे आधी लोकांचे ऐकले, मग मोजले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांपैकी पूर्वी तपासणी व उपचार मिळालेल्या केवळ ८ टक्के होत्या. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व कुटुंबनियोजन, या समजुतीला धक्का बसला. दारूच्या पाहणीतही असेच घडले. जिल्ह्याच्या विकासासाठी वर्षाला सुमारे १४ कोटी रुपये येत, तर दारूवर सुमारे २० कोटी खर्च होत. स्त्रियांचे घरातले दुःख या दोन आकड्यांमुळे साऱ्या जिल्ह्याचा प्रश्न बनले आणि लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली तेथे दारूबंदी लागू झाली.

पुढे २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. राज्यातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रांतील जन्म आणि बालमृत्यू मोजले होते. सरकारी नोंदींपेक्षा हे मृत्यू कितीतरी अधिक निघाले. शासनाला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. केवळ निवेदनांनी हे साधले नसते.

२००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा मोजण्याचे काम गावकऱ्यांच्याच हाती आले. महाराष्ट्रात आरंभी निवडलेल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. आजचा पालघर जिल्हा तेव्हा त्याचाच भाग होता. परिचारिका गावात येते काय, केंद्रात औषध मिळते काय, मोफत सेवेसाठी पैसे मागितले जातात काय, अशा प्रश्नांची उत्तरे गावाच्या समितीने गोळा करावयाची आणि प्रत्येक सेवेपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरावयाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही ही गुणपत्रिका कळे. मग जनसुनवाईत डॉक्टर व अधिकारी यांच्यासमोर तीच मांडली जाई. एकट्या बाईची तक्रार टाळता येते. साऱ्या गावाचा लाल रंग टाळणे अवघड जाते.

मात्र सर्वेक्षण हे दुधारी शस्त्र आहे. पाहणी करणारे येतात, फॉर्म भरतात आणि पुन्हा कधी फिरकत नाहीत, हा अनुभव पाड्यांना नवा नाही. प्रश्न बाहेरच्यांनी ठरवले, की उत्तरेही त्यांच्या सोयीची मिळतात. आजार किंवा कर्ज यांविषयी सांगणाऱ्याचे नाव उघड झाले, तर त्याचीच हानी होते. म्हणून प्रश्न गावासोबत बसून ठरवावेत, नावे गुप्त राखावीत, आणि निष्कर्ष तहसील कार्यालयात नेण्यापूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावेत. चूक दुरुस्त करण्याचा पहिला अधिकार मोजल्या गेलेल्यांचा आहे.

आज याची निकड अधिकच आहे. २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेली आहे. त्यानंतर वाढलेल्या कुटुंबांचे काय? रेशनकार्डाविना किती घरे आहेत, हे पाड्यावरची चार शिकलेली मुले आठवड्याभरात मोजू शकतात.

आपल्यापैकी अनेक जण जव्हार-मोखाड्याकडे कपडे, धान्य, औषधे घेऊन जातात. ती सेवा मोलाचीच आहे. पण पुढच्या खेपेस सोबत एक कोरी वही न्यावी आणि ती तिथल्या लोकांच्या हाती द्यावी, असे आम्हांला मनापासून वाटते. दिलेले धान्य महिन्याभरात संपेल; आपल्या हक्काचा हिशेब मांडायला शिकलेले गाव मात्र दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून राहणार नाही.