किडकं बी आणि पोचट बी

हवाईतल्या माउई बेटावर हालेआकाला हा तीन हजार मीटरहून उंच ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्याकडच्या राखाळ उतारांवर ‘आहिनाहिना’ उगवते. चंदेरी लव असलेल्या पात्यांचा गेंदच म्हणा ना. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती कित्येक दशकं नुसत्या पानांवर काढते, मग एका उन्हाळ्यात माणसाएवढा तुरा काढते, शेकडो फुलं उमलवते, बी धरते आणि मरते. आपली कारवीही एकदाच फुलून मरते. पण ती साऱ्या डोंगरावर एकदम फुलते. इथे एखाद्या वर्षी हजारो तुरे, एखाद्या वर्षी अगदी मोजके.

जन्मात एकदा येणारं ते बी. फूल उकलावं तर आत काळपट, लांबट बियांच्या जागी भुसा, विष्ठा आणि पांढुरकी अळी. एक फळमाशीच्या कुळातली, दुसरी एका पतंगाची. पाहणाऱ्याचं डोकं फिरणारच. फवारा औषध!

माझं मत उलट आहे. या दोन्ही जाती हवाईच्याच, जगात इतरत्र नाहीत. त्या पिढ्यानपिढ्या आपला वाटा उचलत आल्या आणि झाड तरीही टिकलं. झाडाची धूळधाण केली ती माणसांनी आणलेल्या शेळ्यांनी, आणि गंमत म्हणून झाडं उपटून उतारावरून गडगडत सोडणाऱ्या हौशी लोकांनी.

शिवाय किडकं बी डोळ्यांत भरतं, पोचट बी भरत नाही. आहिनाहिनाला स्वतःचा पराग चालत नाही. शेजारच्या झाडाचा हवा. तो आणणाऱ्या एकांड्या रानमधमाश्या जमिनीत घरं करतात. मूळच्या हवाईत मुंग्या नव्हत्याच. अर्जेंटिनी मुंगी हालेआकालाच्या राष्ट्रीय उद्यानात १९६७ मध्ये नोंदली गेली, आणि ती या मधमाश्यांची पिल्लं खाते. मधमाशी गेली की बी वरून धड दिसतं, बोटांत दाबलं की चपटं. त्याचा गवगवा कोणी करत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हे असं. आणि फुलांवर औषध फवारलं तर अळीबरोबर उरलीसुरली मधमाशीही जाणार.

ही मुंगी पंखांवर दूर जाऊन वारूळ थाटत नाही. तिच्या वसाहती पायीपायीच सरकतात. लांबची उडी ती माणसाच्या सामानातून मारते. म्हणजे तिच्या हद्दीवर विषारी आमिष टाकून, वर जाणाऱ्या गाड्या नि माती तपासून तिला अडवता येतं. पैसा आणि मनुष्यबळ तिथे लावावं, अळीमागे नव्हे.